कल्पनानगरचं पोलीस बजेट

आमच्या घरी लिहिलेला शब्द मोठ्या टाइपात असायचा. बाबांच्या वडिलांचा इचलकरंजीत पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्राचा छापखाना होता आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकं जास्त छापली जायची. यंत्रमाग कामगारांची, भाडेकरूंची, पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या बायकांची. बाबा नोकरीसाठी ओमानला आले तेव्हा शर्टांच्या घड्यांमध्ये गुलाबी-पिवळ्या कागदांची एक चळत घालून आले. मस्कतमध्ये ती वाटायची नव्हतीच. ती मला वाचायला लावायची होती.

माझ्या वर्गातली मराठी मुलं बाराखडी चित्रांच्या पुस्तकातून शिकली, तीही रडतखडत. मी वाचायला शिकले 'जाहीर आवाहन' या दोन शब्दांवरून. शाळेत आम्ही सगळे इंग्रजीत बोलायचो. इतरांचं मराठी अडखळायचं, माझं अडखळायचं नाही, पण ते चौकात शोभेल असं होतं. सहा वर्षांची असताना पाहुण्यांसमोर मी आईला बजावलं होतं, "दुधाच्या प्रश्नावर आता तडजोड नाही." बाबा आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते.

आईच्या माहेराबद्दल मात्र आमच्याकडे एकच वाक्य होतं. आप्पा सरकारी नोकरीत होते.

इथे भेटणारा मराठी माणूस पहिल्या प्रश्नात गाव विचारतो आणि दुसऱ्यात वडील काय करत होते ते. बँकेत होते, कॉलेजात होते, रेल्वेत इंजिनीयर होते. आई म्हणायची, सरकारी नोकरीत. ऐकणारा मनातल्या मनात आप्पांना मंत्रालयातल्या एखाद्या टेबलामागे बसवून टाकायचा आणि विषय पुढे जायचा. आप्पा मुंबई पोलिसांत हवालदार होते. आई लग्न होईपर्यंत पोलीस लाईनीत राहिली. घरात आम्हा तिघांना हे माहीत होतं, घराबाहेर कुणालाच नाही. मी एकदा, कॉलेजात असताना, तिला जरा चढ्या आवाजात विचारलं होतं की तुला लाज वाटते का. ती चहा गाळत होती. म्हणाली, "लाज नाही गं. हवालदार म्हटलं की पुढचा विनोद लोक स्वतःच करतात. मला तो ऐकायचा नाही."

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी जे केलं ते केलं. म्हणून हे आधी लिहिते आहे.

आमच्या मराठी मंडळाची दरवर्षी एक वादसभा होते. शुक्रवारी संध्याकाळी, मस्कतच्या रुवी भागातल्या एका भाड्याच्या सभागृहात. दोन वक्ते, एक ठराव, शेवटी हात वर करून मतदान. त्या वर्षी ठरावाच्या बाजूने बोलायला मंडळाच्या अध्यक्षकाकांनी मला बोलावलं. काका पुण्याचे, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने सावध. त्यांचा मुलगा परदेशात शिकतो. त्याच्या कॉलेजातल्या वादविवादाच्या विषयांची यादी त्यांनी मागवली होती आणि त्यातला एक विषय मराठीत आणला होता: शहराच्या बजेटमध्ये पोलिसांवरचा खर्च कमी करावा.

मी खूश झाले. "कुठल्या शहराच्या?"

"कल्पनानगर," काका म्हणाले.

"हे कुठे आलं?"

"कुठेच नाही. म्हणून तर निवडलं. इथल्या कुठल्याही खात्याबद्दल अवाक्षर नको. भारतातल्याही नको, उगाच कुणाच्या पक्षाला लागायचं. कल्पनानगर महापालिका, कल्पनानगर पोलीस. खलास."

"काका, जे शहर नाही त्याच्यासाठी मी भांडू कशी?"

"बेटा, आपण पाहुणे आहोत."

"तुम्हाला इथे येऊन तीस वर्षं झाली ना?"

"जुना पाहुणा," काका म्हणाले आणि मला एक लाडू दिला.

मी तीन आठवडे तयारी केली. दिवसभर एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात कंटेनरांचे कागद लावायचे आणि घरी आल्यावर कल्पनानगरसाठी लढायचं. मी त्या शहराला शाळा दिल्या, त्या गळक्या केल्या. एक सरकारी दवाखाना दिला आणि त्यात डॉक्टर ठेवला नाही. दिवे नसलेले रस्ते दिले. मग विचारलं, हे सगळं असं असताना दरवर्षी पोलिसांचाच वाटा का फुगतो? अंधाऱ्या रस्त्यावर आधी दिवा लावायचा की शिपाई उभा करायचा? आजही मला तो प्रश्न बरोबर वाटतो.

तयारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात भाषण म्हणून दाखवत होते. आई भेंडी चिरत होती. मधेच तिने विचारलं, "पोलिसांचे पैसे महापालिका देते?"

"कल्पनानगरात देते," मी म्हणाले. "मधे बोलू नकोस, लय तुटते."

ती पुन्हा भेंडीकडे वळली. पुढे ते वाक्य आलं. ते माझं नव्हतं, चळतीतल्या एका पिवळ्या पत्रकातलं होतं. कामगारांवर लाठी चालली होती त्यानंतर आजोबांनी छापलेलं. 'ज्या हाताला काठीखेरीज दुसरी भाषा येत नाही, त्या हाताला आणखी बळ कशाला?' मी ते म्हणताना हात उंचावत असे. त्या दिवशीही उंचावला.

आईची सुरी थांबली नाही. भेंडी संपल्यावर तिने विचारलं, "हे सगळं बोलणार आहेस?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

मला कळलं होतं. ते 'बरं' कुठून आलं हे मला त्या क्षणी कळलं होतं. पण वाक्य इतकं चांगलं होतं की मी ते ठेवलं. पत्रकात नावं नसतात, त्यात एक हात असतो आणि एक काठी असते, आणि तो हात कुणाच्या तरी वडिलांचा असू शकतो हे पत्रक लिहिणाऱ्याला परवडत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. कुणाच्या तरी नव्हे, तिच्याच वडिलांचा, हे मी स्वतःला सांगितलं नाही.

वादसभेत वेळ बघायचं काम दरवर्षी आईकडे असतं. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. पाच डॉक्टर, चार भाषांतले पेशंट आणि प्रत्येकाला आधी आत जायचं असतं. तिच्यापुढे कुणाची रांग मोडत नाही. मंडळाकडे घंटा नव्हती म्हणून पहिल्या वर्षी तिने देवघरातली नेली, आणि तेव्हापासून भल्याभल्या वक्त्यांना देवघरातल्या घंटेने खाली बसवलं आहे. सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं. अध्यक्षांनाही.

सभागृह भरलं होतं. पहिल्या ओळीत बँका आणि तेल कंपन्या, मागे दुकानं आणि हॉटेलं, अगदी मागे वसईकडच्या बायकांचा एक घोळका, जो दरवर्षी येतो आणि दरवर्षी सगळ्यात मोकळेपणाने हसतो. बाबा तिसऱ्या ओळीत बसले होते. माझ्या भाषणातली त्यांच्या वडिलांची वाक्यं आधीच त्यांच्या ओठांवर येत होती.

मी बोलले. चांगली बोलले, खोटा विनय कशाला. शाळेच्या गळक्या छपरावर लोक शांत झाले, दिव्याच्या खांबावर टाळ्या पडल्या. आणि शेवटाकडे मी हात उंचावून ते वाक्य म्हटलं. सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली. बाबांनी वाजवली. मी आईकडे पाहिलं नाही. सातव्या मिनिटाला घंटा वाजली, एकदाच, इतर कुणाला वाजली असती तशीच.

ठरावाच्या विरुद्ध बोलायला ओमानमधल्याच सूर गावाहून एक इंजिनीयर दादा आले होते. समुद्राच्या काठाकाठाने दोन तास गाडी चालवून. गोड माणूस, पण तयारी गाडीतच केलेली. ते म्हणाले की पोलीस नसतील तर कल्पनानगरात चोर येतील. मग म्हणाले, "ताईंनी दिवे लावले, चांगलं केलं. पण दिव्याच्या उजेडात चोराला पण बरं दिसतं." लोक हसले. त्यांनी आणखी दोन-तीन अशा गोष्टी सांगितल्या आणि घंटेच्या आधीच, मिनिटभर राखून, बसले. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर आमच्याकडे चिठ्ठ्या असतात. उभं राहून प्रश्न विचारायला लोक लाजतात किंवा उभे राहिले तर प्रश्नाऐवजी भाषण करतात, म्हणून काकांनी ही पद्धत पाडली. स्टीलचा एक डबा सभागृहात फिरतो. नाव न घालता प्रश्न लिहायचा, घडी करून डब्यात टाकायचा. वेळ बघणारी व्यक्ती चिठ्ठ्या मोठ्याने वाचते, आणि दोघांपैकी ज्याला हवं तो उत्तर देतो. शेवटी ठराव मांडणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात आणि मग मतदान.

आईने पहिली चिठ्ठी वाचली. दिवे कुठल्या कंपनीचे लावणार? हशा. दुसरी, कल्पनानगरात भाडं किती आहे? आणखी हशा. सूरचे दादा म्हणाले, "सूरपेक्षा जास्त." तिसरी चिठ्ठी तिने उघडली आणि वाचायच्या आधी एकदा मनात वाचली. ती असं कधी करत नाही.

मग तिने सरळ आवाजात वाचलं. "हवालदारांना खायला आधीच कमी पडतं का, की महापालिकेनेही आता द्यायचं?"

सभागृह हसलं. वाईट माणसं नव्हेत ती. तो विनोद त्यांनी शंभर वेळा ऐकला होता आणि शंभर वेळा हसली होती. सूरचे दादा माझ्याकडे बघत होते, मी उत्तर देते का म्हणून. लोक अजून हसत होते तेव्हा आईने घंटा टेबलावर ठेवली, आडवी.

"याचं उत्तर मी दिलं तर चालेल?" तिने विचारलं.

काका गोंधळले. "अहो वहिनी, वेळ बघणाऱ्याने..."

"वेळ मीच बघते आहे. जास्त घेणार नाही."

वसईच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "बोलू द्या ना."

आई उभी राहिली. तिच्या हातात चिठ्ठी तशीच होती. ती म्हणाली, "माझे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते."

एवढं म्हणून ती थांबली. मला वाटतं तिला पुढचा विनोद करायला लोकांना वेळ द्यायचा होता. कुणी केला नाही.

"खायचे का, असं विचारलंय. सांगते. बंदोबस्ताला गेले की सोळा-सोळा तास. डबा घरून जायचा. पुष्कळदा तसाच परत यायचा, कारण बसायला जागा नसायची आणि साहेब समोर असायचे. दुसऱ्या खाण्याबद्दल विचारायचं असेल तर आमच्या मजल्यावर एकांकडे सगळ्यांच्या आधी रंगीत टीव्ही आला. कसा आला ते लाईनीत सगळ्यांना माहीत होतं. आम्ही मुलं त्यांच्याकडे टीव्ही बघायला जायचो. आप्पा मला जाऊ द्यायचे नाहीत. आमच्याकडे टीव्ही नव्हता. एवढं मी सांगू शकते, बाकीच्यांचं मी कशी सांगू?"

तिने चिठ्ठीची घडी केली.

"आता बजेटचं. तुम्ही दोघं छान बोललात. पण महापालिका पोलिसांचा पगार देत नाही. मुंबईत नाही, पुण्यात नाही. गृहखातं देतं, म्हणजे राज्य सरकार."

काकांनी चष्मा काढला. पहिल्या ओळीतले एक बँकवाले शेजाऱ्याला म्हणाले, "अरे हो की." मी बसल्या जागी लाल झाले. तीन आठवडे मी एका बजेटशी लढत होते आणि ते बजेट आमच्या ओळखीच्या एकाही शहरात नव्हतं. विषय परदेशातल्या कॉलेजातून आला, काकांनी त्याचं नाव-गाव पुसलं, आणि सभागृहातल्या एकालाही, इचलकरंजीच्या छापखान्याच्या नातीलाही, शंका आली नाही. जो आपल्या शहरात राहत नाही आणि दुसऱ्याच्या शहरात पाहुणा असतो, त्याला कोण कशाचे पैसे देतं हे विचारायची सवय राहत नाही. जिला होती तिला मी लय तुटते म्हणून गप्प केलं होतं.

"हे मला कसं माहीत, तर आमचं छप्पर गळायचं," आई पुढे म्हणाली. "मुलीने शाळेचं छप्पर सांगितलं ना, तसंच. खोली दहा बाय बाराची. खोली गृहखात्याची. छप्पर दुरुस्त करायचं ते पीडब्ल्यूडीने. आणि नळाचं पाणी महापालिकेचं. पीडब्ल्यूडी म्हणायची, वरच्या मजल्यावरचा पाइप महापालिकेचा. महापालिका म्हणायची, पाइप इमारतीच्या आत आहे, आमचा नाही. साहेब म्हणायचे, अर्ज करा. आता पोलिसाला अर्ज तरी कुठे करता येतो. पोलिसाला संघटना नसते. मोर्चा काढता येत नाही. तो दुसऱ्यांच्या मोर्चाला उभा राहतो."

मी बाबांकडे पाहिलं. ते पुढे वाकून बसले होते, कोपर गुडघ्यांवर टेकून.

"म्हणून अर्ज बायकांच्या नावाने जायचे. आमच्या इमारतीतल्या बायकांना लिहिता येत नव्हतं फारसं. माझं अक्षर बरं होतं. मी सातवीपासून अर्ज लिहायला लागले. विषय: छताच्या गळतीबाबत. महोदय, सविनय अर्ज असा की. विषय: सामायिक संडासाला दार नसल्याबाबत. तो मी सात वेळा लिहिला. त्या इमारतीत चाळीस बायका आणि मुली होत्या आणि दार नव्हतं. आप्पा ड्यूटीवरून येऊन जमिनीवर बसायचे आणि माझ्या कोऱ्या कागदांवर शिसपेन्सिलीने रेघा आखून द्यायचे. ओळ वाकडी गेली तर साहेब वाचत नाहीत, म्हणायचे. अर्जातला शब्द एकही सांगायचे नाहीत. तो त्यांना सांगता येत नव्हता, नोकरी होती. पण रेघा आखायचे."

ती माझ्याकडे वळली नाही. ते वाक्य तिने उच्चारलं नाही. काठी, हात, भाषा, काहीच नाही. पण सभागृहातल्या प्रत्येकाला माझा उंचावलेला हात आठवला असणार. मला तर आठवलाच.

"सातव्या अर्जाला दार लागलं," ती म्हणाली. "मी नववीत होते. म्हणून मला जास्त आणि कमी यातलं काही कळत नाही. कशावर, ते सांगा. दारावर खर्च करणार असाल तर मी हात वर करीन. चिठ्ठी कुणाची असेल त्यांना उत्तर मिळालं असेल तर बघा." तिने घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं झाली. जास्तच घेतली, माफ करा." आणि खाली बसून तिने घंटा सरळ केली.

टाळ्या पडल्या. आधी मागून, वसईच्या बायकांकडून, आणि मग सगळीकडून. काकांनी कागद चाळले आणि म्हणाले की आता ठराव मांडणाऱ्यांनी तीन मिनिटांत समारोप करावा.

मला वाटलं होतं मी आधीच पाठ केलेला समारोप म्हणेन. तो फार चांगला होता. उठले तेव्हा त्यातलं एक अक्षर तोंडात येईना. माझ्या शरीरात तेव्हा एकच गोष्ट होती आणि ती लाज नव्हती. लाज नंतर आली, गाडीत. तेव्हा मला इतका अभिमान वाटत होता की पाय जमिनीवर नीट टेकत नव्हते. मी पत्रकांच्या घरातली म्हणून मिरवत होते, आणि त्याच घरात, भेंडी चिरत, एका इमारतीचं लिखाण एकटीने केलेली बाई बसली होती. आमची पत्रकं सगळ्या जगाला उद्देशून असत. तिने एकाच साहेबाला उद्देशून सात वेळा लिहिलं, आणि दार लावून घेतलं. आमच्या चळतीतल्या किती पत्रकांनी दार लावलं, मला माहीत नाही.

मी म्हणाले, "ठराव मी मागे घेत नाही."

लोकांत चुळबुळ झाली. बाबांनी मान वर केली.

"मोर्चावर मारायच्या पाण्याच्या फवाऱ्यांना, साहेबांच्या मागेपुढे पळणाऱ्या गाड्यांना कल्पनानगरने पैसे देऊ नयेत, असं माझं अजूनही म्हणणं आहे. दिवा आधी, शिपाई नंतर, हेही आहे. ज्या माणसाला मोर्चा काढता येत नाही त्याला दुसऱ्याच्या मोर्चापुढे काठी देऊन उभं करणं, यात त्याचा काही फायदा नाही, हे मला आज नवीन कळलं. तेही मी ठरावात धरते. पण माझ्या भाषणातलं एक वाक्य मला मागे घ्यायचं आहे. काठीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या हाताबद्दलचं. आमच्याकडे छापलेलं मागे घ्यायची पद्धत नाही. पण ते वाक्य बोलताना तो हात माझ्या आईच्या वडिलांचा आहे हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते बोलले, कारण टाळी मिळणार होती. ते खोटं आहे. ते खोडा."

काकांनी खाली वाकून शेजारच्या चिटणीसांना विचारलं, "खोडता येतं का?" माईक चालू होता. सगळे हसले, आणि मीही हसले, आणि तेवढ्यात माझी तीन मिनिटं संपली. आईने घंटा वाजवली. मला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. तिने बोलू दिलं नाही.

ठराव पडला. थोडक्यात पडला, पण पडला. सूरचे दादा येऊन म्हणाले, "ताई, मी काही केलं नाही हं. पुढच्या वेळी काकूंनाच माझ्या बाजूला घ्या, माझं पेट्रोल तरी वाचेल."

"मी त्यांच्या बाजूने कुठे बोलले?" आई म्हणाली.

"नाही बोललात. तरी मला उपयोग झाला."

वसईकडची एक मावशी, एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग बघणारी, गर्दीतून वाट काढत आली आणि आईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाय, माझा बाबा होमगार्डात होता. मी सगळ्यांना सांगते शेती होती म्हणून." चिठ्ठी कुणाची होती ते कळलं नाही. पहिल्या ओळीतले एक गृहस्थ मात्र आईला न भेटता, बायकोला फोनवर घाईघाईने बोलावत, बाहेर पडले. मी त्यांच्यावर संशय घेतला. आईने घेतला नाही.

अल मवालेहला घरी परतताना मी गाडीत मागे बसले होते. आप्पा मी चौथीत असताना गेले. मला त्यांच्या मिशा आठवतात आणि हातातली पिशवी आठवते. हात आठवत नाहीत. मी ते आठवायचा प्रयत्न करत होते.

बाबा मधेच म्हणाले, "रेघा आखून द्यायचे, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमच्या घरी सगळे मोठ्या टाइपात बोलता," आई म्हणाली. "मधे जागा कुठे होती?"

बाबांनी विचारलं, "दाराचा अर्ज आठवतो तुला?"

"सातही आठवतात."

"म्हण."

तिने म्हटला. महामार्गावर, फळांच्या ट्रकच्या मागे, 'महोदय'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत. त्यात एकही विशेषण नव्हतं. दार किती उंचीचं हवं, किती रुंदीचं, कडी आतून हवी. बाबांसारखा माणूस, ज्याला उद्गारचिन्हाशिवाय वाक्य पुरं वाटत नाही, तो शेवटी एवढंच म्हणाला, "आतून."

"हो. आतूनच हवी ना," आई म्हणाली.

दोन दिवसांनी दुपारी काकांचा फोन आला. मंडळाच्या अंकात वादसभेचा वृत्तांत जायचा होता आणि या वेळी वक्त्यांच्या बरोबरीने आईचाही फोटो आणि दोन ओळींचा परिचय घालायचं ठरलं होतं. फोन स्पीकरवर होता, आई कपड्यांच्या घड्या करत होती.

"वहिनी, मी असं लिहितो. अमुक दवाखान्यात कार्यरत, श्रीयुत अमुक यांच्या पत्नी. बरोबर?"

"बरोबर आहे. आणि पोलीस हवालदाराची मुलगी, असं घाला."

"ते... घालायचं ना? नाही, आपण वृत्तांतात तर उल्लेख करतोच आहोत."

"परिचयात घाला."

"घालतो. मुंबई पोलीस ना? हवालदार, मुंबई पोलीस. ठीक."

"त्यांचा बक्कल नंबर सांगू का? पट्ट्यावर असायचा तो."

"वहिनी, नंबर कशाला? दोनच ओळी आहेत. जागा नाही हो."

"फोटो लहान करा," आई म्हणाली.

हातातला टॉवेल मांडीवर ठेवून तिने नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश, लहानपणी पाठ केलेला असतो तसा. काकांनी लिहून घेतला आणि परत म्हणून दाखवला. मधला एक आकडा चुकला होता. तिने तो दुरुस्त केला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला.